युरेनियमचा हिरवा प्रकाश म्हणजे किरणोत्सार नव्हे

पंजाबातील किंवा राजस्थानातील भूजलात युरेनियम आढळल्याचे वृत्त आले की, प्रयोगशाळेतील फ्लुओरिमीटर पाण्याचा किरणोत्सार मोजतो आणि नमुन्यातून उमटणारा हिरवा प्रकाश हीच त्या किरणोत्साराची खूण असते, ही समजूत हटकून डोके वर काढते. वास्तविक तिचा निकाल १८९६ मध्येच लागला होता. युरेनियमचे जे क्षार मुळीच चमकत नाहीत तेही छायाचित्रणाची काच काळी करतात, असे आंरी बेक्रेल यांना तेव्हाच आढळले होते. प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणे, हा इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आहे, तर किरणोत्सार हा अणुकेंद्राचा. म्हणूनच किरणोत्सार कमी असलेले अवक्षयित (डिप्लीटेड) युरेनियमही तितकेच चमकते.

याच समजुतीपोटी पाण्याच्या पेल्याशेजारी गायगर गणक धरून निष्कर्ष काढले जातात, ते तर निव्वळ हास्यास्पद होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचवलेली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या युरेनियमचे सुमारे साडेसात कोटी अब्ज अणू एका लिटरात असतात, आणि नैसर्गिक समस्थानिके समतोलात धरली तरी सेकंदाला सरासरी एकाहून कमी अणूचा क्षय होतो. शिवाय बाहेर पडणारा अल्फा कण पाण्यात मिलिमीटरच्या काही शतांशांतच थांबतो, तेव्हा काचेपलीकडच्या गणकापर्यंत तो पोहोचावा कसा? ही मर्यादादेखील किरणोत्सारावर नव्हे, तर मूत्रपिंडावरील रासायनिक विषारी परिणामावर बेतलेली आहे.

फ्लुओरिमीटर मोजतो तो युरेनिल आयन, म्हणजे एक युरेनियम व दोन ऑक्सिजन अणूंचा धनभारित गट. नमुन्यात सोडियम पायरोफॉस्फेटचे द्रावण मिसळले की विविध रूपांतील युरेनिल एकाच संयुगात बांधले जाऊन त्याची चमक वाढते. मग ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेसरचा किंवा ४०५ नॅनोमीटरच्या एलईडीचा स्पंद सोडतात. पाण्यातील सेंद्रिय द्रव्येही चमकतात, पण ती नॅनोसेकंदांत विझतात, तर युरेनिलची चमक मायक्रोसेकंदांपर्यंत रेंगाळते, म्हणून मापन मुद्दाम किंचित उशिरा सुरू करतात. लोह, मँगनीज व क्लोराइड ही चमक दाबतात. त्यामुळे त्याच नमुन्यात ज्ञात प्रमाणाचे युरेनियम घालून वाढ पाहणे आवश्यक ठरते, आणि ही पायरी गाळून मिळवलेल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

अतिनील दिव्याखाली पाणी चमकले नाही म्हणजे ते शुद्ध, हेही खरे नव्हे. इतकी क्षीण चमक नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. भूजलातील युरेनियम कारखान्यांतूनच येते, असेही नाही; ते बव्हंशी खडकांतून विरघळते आणि बायकार्बोनेट त्याला द्रावणात टिकवून धरते. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही, उलट वाफेने पाणी घटल्यामुळे त्याची संहती वाढते. आरओ संयंत्र ते बरेचसे काढते खरे, पण काढलेले युरेनियम टाकाऊ पाण्यात जमा होते.