तुराटीचा कोळसा, तोळ्यातले 180 दाणे आणि बंदुकीची दारू

आधी शब्दाचीच गंमत. फारसीत 'दारू' म्हणजे औषध, आणि आपण 'दवादारू' म्हणतो ते त्याच अर्थानं. चिनी माणूस बंदुकीच्या दारूला 'हुओ याओ' म्हणतो, म्हणजे आगीचं औषध. अमरत्वाचं रसायन शोधणाऱ्या चिनी किमयागारांच्या हाती ही दारू लागली, असं इतिहासकार मानतात. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द मात्र आपल्याला पोर्तुगीजांनी दिले.

आता बीडच्या शिवारात या. जुन्या काळ्या दारूत तीनच जिन्नस: सोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा कुठल्याही लाकडाचा चालत नसे. युरोपात विलोच्या हलक्या लाकडाला मान होता, आपल्याकडे तुरीच्या काड्यांना. ज्या तुराट्या आपल्या आया-आज्यांनी चुलीत घातल्या, त्यांचाच हलका, चटकन पेट घेणारा कोळसा दारूसाठी नावाजलेला होता.

सोराही गावातलाच. शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. पिढ्यानपिढ्या माणसं आणि गुरं नांदली की त्या मातीत नत्राचे क्षार साठतात. शेतकरी पडक्या गढीची पांढरी माती रानात नेऊन टाकतो ते याच नत्रासाठी. हिंदुस्थानातला सोरा निघायचा तो अशाच जुन्या वस्त्यांच्या मातीतून, आणि सतराव्या शतकात डच-इंग्रज त्याची जहाजं भरून नेत होते. पिकाचं खत आणि तोफेचं खाद्य एकाच मातीत, याचं मला अजून नवल वाटतं.

बाण लागला तो कुठला?

बीड जिल्ह्यातल्या धारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं बांधला. अहमदनगरचा सुलतान मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला तेव्हा किल्ल्यातून तोफा-बंदुकांचा भडिमार सुरू होता. एवढी दारू उडाली, पण किश्वरखान मेला तो एका साध्या बाणानं, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो.

पुढे मराठी कागदांतला 'बाण' मात्र वेगळा. अठराव्या शतकात बाण म्हणजे दारू भरलेला अग्निबाण, आजच्या भाषेत रॉकेट. बीडच्या सीमेला खेटून असलेल्या खर्ड्याला 11 मार्च 1795 रोजी मराठ्यांची हैदराबादच्या निजामाशी लढाई झाली, तेव्हा नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या बाणांनी निजामाचं घोडदळ उधळलं.

त्याआधी 10 ऑगस्ट 1763 ला गेवराईजवळ राक्षसभुवनला गोदाकाठी माधवराव पेशव्यांनी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याच्या फौजेचा धुव्वा उडवला. तारीख नीट पाहा: भर पावसाळा. ओल लागली की दारू फुसकी होते, तोड्याची बत्ती विझते आणि बंदुकीच्या कानावरची रंजक भिजते. पावसाळ्यात लढणाऱ्या सरदाराला शत्रूइतकंच आभाळाकडेही लक्ष ठेवावं लागे.

दारूची पारख

जुना पारखी चिमूटभर दारू पांढऱ्या कागदावर जाळून बघे. झटकन उडून गेली आणि कागदावर फारसा डाग राहिला नाही तर माल चोख. काळे ठिपके राहिले तर मिश्रण नीट घोटलेलं नाही, आणि कागदच पेटला तर दारू सुस्त. फ्रान्समध्ये याहून रोखठोक रीत होती. ठरलेल्या मापाची दारू छोट्या उखळी तोफेत घालायची, ठरलेल्या वजनाचा गोळा उडवायचा आणि तो किती लांब पडला ते मोजायचं.

मला सर्वांत आवडते ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाची युक्ती. त्यानं लाकडाचा जड ठोकळा झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यात गोळी मारली. ठोकळा किती मागे झुलला यावरून त्यानं गोळीचा वेग काढला. साल 1742! डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाला त्यानं झोपाळ्यावर बसवून मोजलं.

वेग कळला, तरी नळीच्या आत दाब किती झाला हे कसं कळणार? एकोणिसाव्या शतकात त्यालाही तोड निघाली. तांब्याचा इवलासा तुकडा अशा जागी बसवायचा की बार उडताना दाब त्याच्यावर येईल. मग तुकडा बाहेर काढून तो किती चेपला गेला ते मोजायचं. ते चेपलेलं तांबं हाच दाबाचा पुरावा.

वेगवान ती चांगली?

जितकी झटकन जळेल तितकी दारू चांगली, असा बहुतेकांचा गैरसमज असतो. 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू बनवली आणि सगळं गणित पालटलं. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि काजळी होऊन उरतो. नव्या दारूचा जवळजवळ सगळा वायू होतो. शिवाय दाब वाढेल तशी ती आणखी भराभर जळते. म्हणून तिच्या दाण्याचा आकार ठरवणं हेच खरं कौशल्य. भुसकट भुर्रकन जळतं आणि बाभळीचा ओंडका रात्रभर धगधगतो, तसंच हे. रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, तिला चटकन जळणारी बारीक दारू. रायफलची नळी लांब, तिला सावकाश जळून गोळी ढकलत नेणारी. अदलाबदल झाली तर हत्यार चालवणाऱ्याच्याच हातात फुटू शकतं. आणखी एक धोका असा की नवी दारू जागा थोडी व्यापते. त्यामुळे चुकून दुप्पट माप पडलं तरी ते काडतुसात मावतं आणि लक्षातही येत नाही.

माप कशात? अमेरिकेत लोक घरी काडतुसं भरतात ती 'ग्रेन'मध्ये, म्हणजे धान्याच्या दाण्यात. हा दाणा आपल्याला परका नाही, कारण इंग्रजांनी 1833 मध्ये आपला तोळा ठरवला तो बरोबर 180 ग्रेनचा. सोनाराच्या हिशेबात एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. इतक्या बारीक मापावर सगळा खेळ.

नावांतही मापं लपलेली आहेत. '45-70' या अमेरिकी काडतुसातले 70 म्हणजे काळ्या दारूचे 70 ग्रेन. पण '30-06' मधले 06 म्हणजे 1906 साल! आणि 'बारा बोर' का? त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या 12 गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं म्हणून.

महाराष्ट्रात हे काम मुख्यतः सरकारी कारखान्यांचं. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. वरणगावला काडतुसं होतात, भंडाऱ्याला दारू. त्याच भंडाऱ्याच्या कारखान्यात 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. प्रशिक्षित हातांनाही ही वस्तू सोडत नाही.

म्हणून एक कळकळीचं सांगणं. भारतात बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसं भरण्याचा परवाना नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. जुना वाडा पाडताना, गढीची माती उकरताना किंवा आजोबांची पेटी उघडताना दारूची शिंगडी, हिरवट पडलेली काडतुसं किंवा लोखंडी गोळा सापडला, तर त्यावर हातोडी मारू नका, त्याला चुलीजवळ नेऊ नका आणि पोरांच्या हाती देऊ नका. तो आहे तिथंच राहू द्या आणि 112 ला फोन करा.