भातकापणी करताना विश्रांतीची गरज वेळीच ओळखा



ठाणे जिल्ह्यातील कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. हळव्या जातींची कापणी ऑक्टोबरच्या उन्हात येते. तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. त्यामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. परतीचा पाऊस तयार पीक लोळवील या धास्तीने मात्र आपण न थांबता कापत राहतो. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमात नुसते उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. कापणी तर कष्टाचे काम. म्हणून शरीराच्या पुढील सूचना ओळखाव्यात.

सुरुवातीची लक्षणे

१) लघवी कमी व गडद पिवळी होणे. तहान उशिरा लागते, तिच्यावर विसंबू नये.
२) पोटऱ्या, मांड्या किंवा पोटात पेटके येणे.
३) डोके जड होणे, मळमळणे, वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे.
४) चिडचिड होणे, विळ्यावरील पकड सैल होणे. अशा वेळी बोट कापते. हे लक्षण स्वतःला कळत नाही, सोबत्याला कळते. म्हणून जोडीने काम करून एकमेकांवर लक्ष ठेवावे.
५) रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड राहणे.

नाडीवरून अंदाज

काम थांबवून बसताच अर्धा मिनिट नाडी मोजून दुप्पट करावी. ठोके ११० पेक्षा जास्त असल्यास कामाची पुढची पाळी एक-तृतीयांशाने कमी करावी. म्हणजे ४५ मिनिटांऐवजी ३० मिनिटेच कापणी करावी.

विशेष काळजी कोणी घ्यावी?

डोंबिवलीच्या कारखान्यात किंवा कल्याण-ठाण्याच्या कचेरीत आठवडाभर नोकरी करून रविवारी शेतावर येणाऱ्यांच्या शरीराला उन्हाची सवय नसते. ती व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यांनी एका सुट्टीत सारी कापणी उरकू नये. रात्रपाळी करून थेट शेतावर जाऊ नये. पहाटे स्वयंपाक करून शेतावर येणाऱ्या व परतल्यावर पुन्हा चूल पेटवणाऱ्या भगिनींची विश्रांती कोणी मोजत नाही. ती घरातील सर्वांनी मिळून ठरवावी. वृद्ध, गरोदर स्त्रिया व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी दुपारी काम टाळावे.

पीक न गमावता विश्रांती

लोंबीतील ८० ते ९० टक्के दाणे पिकताच कापणी सुरू करावी, म्हणजे काम अधिक दिवसांत विभागले जाते. सकाळी लवकर सुरुवात करून दुपारी १२ ते ३ सावलीत थांबावे. धारदार वैभव विळा वापरावा. दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मीठ घातलेली भाताची पेज उत्तम. पेटके आल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे घ्यावे.

हा साधा थकवा नव्हे

अंग तापलेले, बोलणे असंबद्ध किंवा शुद्ध हरपत असल्यास तो उष्माघात समजावा. रोग्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये. चिखलात काम केल्यानंतरच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळे लाल झाल्यास लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

दोन तास थांबल्याने राहिलेली कापणी दुसऱ्या दिवशी करता येते. उष्माघाताने कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर कापणी, झोडणी आणि त्यामागून येणारी वालाची पेरणी हे सारेच अडते.