इंडिकेटर भरभर का टिकटिकतो?

जुन्या गाडीचा उजवा इंडिकेटर नीट चालतो आणि डावा मात्र भरभर टिकटिकतो, अशी तक्रार असेल तर लगेच फ्लॅशर बदलू नका. बहुतेक वेळा डाव्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो. १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो. एक बल्ब विझला की करंट घटतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वेग वाढवून तेच सांगतो. जुन्या, तापणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये मात्र उलट घडू शकतं: लुकलुक मंदावते किंवा दिवा नुसता जळत राहतो.

बल्ब नवा असूनही फरक पडत नसेल तर होल्डर काढून बघा. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर आतली पितळी पट्टी हिरवट पडलेली असते. बारीक पॉलिशपेपरने ती घासायची, पण आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढूनच.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणत असेल तर मागच्या दिव्याचं अर्थिंग तपासा. बॉडीला लागलेल्या स्क्रूखाली गंज असतो, तो खरवडला की काम होतं. दोन्ही बाजू बंद असतील तर आधी फ्यूज बघा. हॅझर्ड चालतात पण इंडिकेटर नाहीत, असं असेल तर संशय इंडिकेटरच्या फ्यूजवर किंवा स्टिअरिंगजवळच्या स्विचवर. दुरुस्ती होईपर्यंत वळताना हात दाखवा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.