उन्हाळ कांदा : काढणी, सुकवण आणि साठवण

देशातील कांदा उत्पादनात महाराष्ट्र अग्रेसर असून नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, धुळे, सातारा आदी जिल्ह्यांतील अनेक तालुक्यांची आर्थिक भरभराट या पिकावर अवलंबून असते. राज्यात हे पीक तीन हंगामांत घेतले जाते. खरिपातील पोळ कांदा साधारणतः ऑक्टोबरपासून निघू लागतो, त्यामागून जानेवारी ते मार्चमध्ये रांगडा कांदा येतो आणि रब्बीतील उन्हाळ कांद्याची काढणी एप्रिल-मे महिन्यांत होते. पहिल्या दोन हंगामांचा कांदा फार काळ टिकत नाही. तो काढला की थोड्याच दिवसांत विकावा लागतो. टिकाऊ कांदा म्हणजे उन्हाळ कांदा होय. जूनपासून नवा पोळ कांदा बाजारात येईपर्यंत देशाची गरज मुख्यतः या साठवलेल्या कांद्यावरच भागते.

एप्रिल-मे महिन्यांत सर्वत्र एकाच वेळी काढणी होत असल्याने बाजारात आवक मोठी असते व भाव सहसा उतरलेले असतात. अशा वेळी माल विकावा की ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक उत्पादकापुढे उभा राहतो. ज्याच्याजवळ साठवणीची सोय आहे, त्याला थोडी सवड मिळते. म्हणूनच गेल्या अनेक वर्षांत शासनाने कांदाचाळ उभारणीस अनुदान देऊन उत्तेजन दिले आणि गावोगावी चाळी उभ्या राहिल्या. तथापि चांगल्या चाळीत ठेवलेला कांदाही सडल्याची उदाहरणे दरवर्षी आढळतात. याचे कारण चाळीत शोधून सापडत नाही, कारण ते बहुधा शेतातच घडलेले असते. चाळ चांगला कांदा राखू शकते; कच्चा, ओला किंवा जखमी कांदा ती दुरुस्त करू शकत नाही. काढणी आणि सुकवण यांकडे लक्ष पुरविल्याखेरीज चाळीवरील खर्चाचे चीज होत नाही, ही गोष्ट उत्पादकांप्रमाणेच त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या सर्वांनी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

काढल्यानंतरही सजीव

जमिनीतून उपटल्यावर कांद्याची वाढ थांबते, पण त्याचे जीवन थांबत नाही. त्याचे श्वसन चालू राहते, त्यातील पाणी हळूहळू उडून जाते आणि काही काळाच्या सुप्तावस्थेनंतर त्यातील कोंब पुन्हा जागा होतो. यातूनच साठवणीतील नुकसानीचे तीन प्रकार उद्भवतात : वजनातील घट, सड आणि कोंब येणे. या तिन्हींची तीव्रता ऋतुमानाप्रमाणे बदलते. एप्रिल ते जून या काळात उष्ण व कोरड्या हवेमुळे मुख्यतः वजन घटते. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता वाढली की काळी बुरशी व इतर रोगजंतू बळावून सड वाढते. सप्टेंबरनंतर सुप्तावस्था संपत आलेली असते आणि तापमानही उतरू लागते. तेव्हा कोंब फुटू लागतात.

कांद्यास कोंब येण्यास १० ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यानचे तापमान विशेष पोषक असते. शून्य अंशाच्या जवळपास अथवा २५ ते ३० अंशांवर कोंबांचे प्रमाण बरेच कमी राहते. शीतगृहाचा खर्च मोठा असतो व तेथून बाहेर काढलेल्या कांद्यास लवकर कोंब येतात. यास्तव आपल्याकडे मोकळ्या हवेतील, म्हणजेच चाळीतील साठवण रूढ झाली आहे. सुमारे ६५ ते ७० टक्के आर्द्रता तीस अनुकूल ठरते.

तयारी लावणीपासून

साठवणीचा विचार वाण निवडतानाच करावयास हवा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला एन-२-४-१, तसेच राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेचे भीमा किरण व भीमा शक्ती हे वाण रब्बी हंगामासाठी व साठवणीसाठी चांगले समजले जातात.

खतांच्या बाबतीत नत्राचा अतिरेक टाळणे महत्त्वाचे आहे. लावणीनंतर दोन महिने उलटल्यावर नत्र दिल्यास पात हिरवी राहते, मान जाड होते, जोडकांद्यांचे प्रमाण वाढते आणि असा कांदा चाळीत प्रथम सडतो. म्हणून नत्राची सर्व मात्रा लावणीपासून ६० दिवसांच्या आत विभागून द्यावी. काढणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी तोडावे. वजन वाढेल या आशेने शेवटपर्यंत पाणी देण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. असे वाढवलेले वजन पाण्याचे असते. ते चाळीत टिकत नाही, उलट सडीस निमंत्रण देते.

काढणीची योग्य वेळ

कांदा पक्व झाला की नव्या पानांची वाढ थांबते, मान मऊ पडते आणि पात आपोआप आडवी होते. यालाच माना मोडणे म्हणतात. शेतातील सुमारे निम्म्या झाडांच्या माना मोडल्या म्हणजे काढणीस आरंभ करावा. त्याआधी काढलेल्या कांद्याची मान जाड व हिरवी असते आणि ती लवकर सुकत नाही. फार उशीर केल्यास वरची साल तडकून गळू लागते, कांदा उन्हाने भाजतो आणि अवकाळी पाऊस झाल्यास त्यास पुन्हा मुळ्या फुटतात. भाव वाढेल म्हणून जमिनीतच ठेवणे अथवा भाव आहे म्हणून कच्चा उपटणे हे दोन्ही साठवणीच्या दृष्टीने हानिकारक होय. पात तुडवून वा रूळ फिरवून माना मोडल्याने पक्वता येत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

काढताना कुदळ अथवा खुरपे कांद्यास लागणार नाही याची काळजी घ्यावी. जखम झालेला कांदा दिसावयास चांगला असला तरी बुरशीचा शिरकाव त्यातूनच होतो व त्याच्या संगतीने शेजारचे कांदेही बिघडतात.

सुकवण : सर्वांत दुर्लक्षित टप्पा

उपटलेला कांदा त्वरित ढिगात घालू नये. तो पातीसह शेतातच ओळीने पसरावा आणि पुढील ओळीच्या पातीने मागील ओळीचे कांदे झाकले जातील अशी मांडणी करावी. यामुळे कांद्यावर थेट ऊन पडत नाही. अशा स्थितीत साधारणतः तीन ते चार दिवस कांदा राहू द्यावा. या काळात पातीतील अन्नद्रव्ये कांद्यात उतरतात आणि मान आखडू लागते.

त्यानंतर पात कापावी. येथेच सर्वाधिक चुका होतात. मान अगदी कांद्यालगत कापली तर आतील मांसल भाग उघडा पडतो व रोगजंतूंना मोकळी वाट मिळते. म्हणून पातीस पीळ देऊन कांद्यावर अडीच ते चार सेंटिमीटर, म्हणजे एक ते दीड इंच मान ठेवून कापणी करावी. हे काम बहुतांशी उक्ते दिले जाते व त्यात घाई होते. मजुरी ठरवतानाच मान किती ठेवावयाची हे सांगून तशी अट घातल्यास पुढील नुकसान टळू शकते. कांदा काढणारे हात मुख्यतः स्त्रियांचे असतात. म्हणून प्रशिक्षणाचे वर्ग केवळ खातेदार पुरुषांपुरते न ठेवता या मजूर भगिनींपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.

पात कापल्यावर कांदा सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात आणखी दहा ते पंधरा दिवस सुकवावा. मान पूर्ण मिटते, वरच्या सालींचा कोरडा पापुद्रा तयार होतो आणि रंग खुलतो. हा पापुद्रा हेच कांद्याचे कवच होय. ते नीट तयार झाले तर पाणी कमी उडते व बुरशीला आत शिरता येत नाही. मान बोटांनी दाबून पाहिल्यास ओलसरपणा जाणवू नये, ही सुकवण पुरी झाल्याची सोपी कसोटी आहे. अवकाळी पावसात भिजलेला कांदा पुन्हा सुकवला तरी साठवणीच्या कांद्यात मिसळू नये. तो लवकर विकणेच हिताचे ठरते.

निवड व हाताळणी

चाळीत भरण्यापूर्वी जोडकांदे, डेंगळे आलेले, जाड मानेचे, जखमी, उन्हाने भाजलेले व सडके कांदे वेगळे काढावेत. गोल्टीही निराळी करावी, कारण लहान कांदे मोठ्या कांद्यांमधील पोकळी भरून काढतात व हवा अडते. मध्यम आकाराचा, एकसारखा कांदाच साठवणीस घ्यावा. ट्रॉलीतून उतरवताना उंचावरून फेकणे अथवा ढिगावर पाय देऊन चालणे टाळावे. आदळल्याची खूण त्या दिवशी दिसत नाही, पण पावसाळ्यात ती सडीच्या रूपाने प्रकट होते.

चाळीची रचना

चाळीचे मुख्य तत्त्व एकच आहे : कांद्याच्या प्रत्येक थरास खालून व बाजूंनी हवा मिळाली पाहिजे. त्यासाठी पुढील बाबी आवश्यक आहेत.

१. जागा उंच व पाण्याचा निचरा होणारी असावी. चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असून त्यास फटी ठेवाव्यात.

२. कप्प्याची रुंदी चार फुटांपेक्षा अधिक नसावी आणि कांद्याची उंची चार ते पाच फुटांपर्यंतच ठेवावी. याहून उंच ढिगात खालचे कांदे दबतात व मधला भाग तापतो.

३. लांबी चाळीस फुटांपर्यंत ठेवावी. इतक्या लांबीच्या, दोन कप्प्यांच्या दुपाखी चाळीत सुमारे २५ टन कांदा मावतो. दोन कप्प्यांमध्ये पाच फुटांची मोकळी वाट असावी.

४. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी.

५. छपरास शक्यतो कौले अथवा सिमेंटचे पत्रे वापरावेत. लोखंडी पत्रे उन्हाने तापतात; ते वापरणे भाग पडल्यास वर उसाचे पाचट घालावे. छप्पर बाजूंनी पुढे काढल्यास पावसाची झड आत येत नाही.

भरण्यापूर्वी चाळ झाडून मागील वर्षाचा पालापाचोळा व सडके अवशेष काढून टाकावेत. एकदा भरलेला कांदा वारंवार हलवू नये. मात्र पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी पाहणी करावी. दुर्गंधी येऊ लागल्यास अथवा खाली पाणी टिपकल्यास त्या भागातील कांदा त्वरित काढून निवडावा.

साठवणीचा हिशेब

साठवण हा जोखमीचा व्यवहार आहे व त्याचा हिशेब आधीच मांडावा. उदाहरणादाखल मे महिन्यात क्विंटलला १,००० रुपये भाव असून एखाद्या शेतकऱ्याने १०० क्विंटल कांदा न विकता ठेवला असे समजू. तेव्हा त्याच्या मालाची किंमत १ लाख रुपये होती. चाळीत ४० टक्के नुकसान झाले तर ६० क्विंटल उरतात आणि केवळ मूळ किंमत हाती येण्यासाठी त्याला सुमारे १,६६७ रुपये भाव मिळावा लागतो. नुकसान २० टक्क्यांवर रोखले तर ८० क्विंटल उरतात व १,२५० रुपयांस तेवढीच रक्कम मिळते. चाळीचा खर्च, मजुरी व अडकलेल्या रकमेचे व्याज हे याखेरीज आहे. बाजारभाव शेतकऱ्याच्या हाती नाही. परंतु येथे दिसणारा क्विंटलमागे ४०० रुपयांहून अधिक फरक बव्हंशी काढणी, सुकवण व निवड यांवर अवलंबून आहे. सर्व माल एकदम न ठेवता काही भाग काढणीच्या वेळी विकणे आणि उरलेला टप्प्याटप्प्याने बाजारात नेणे हा सुरक्षित मार्ग होय.

कोंब रोखण्यासाठी विकिरणाची पद्धतही उपलब्ध आहे. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे केंद्र २००२ साली सुरू झाले. गॅमा किरणांची अल्प मात्रा दिल्याने कांद्याची कोंब येण्याची क्षमता नाहीशी होते. मात्र ही प्रक्रिया कांदा सुप्तावस्थेत असताना, काढणीनंतर लवकर करावी लागते आणि सड अथवा वजनातील घट तिने थांबत नाही. म्हणजे या पद्धतीतही कांदा मुळात चांगला सुकलेला असणे क्रमप्राप्तच आहे.

ग्रामपातळीवरील कर्तव्य

कांदाचाळीच्या अनुदानासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अनुदानाच्या मर्यादा व अटी वेळोवेळी बदलत असल्याने त्यांची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्यावी. चाळ मंजूर करणाऱ्या यंत्रणेने चाळीच्या मोजमापाबरोबरच लाभधारकास सुकवणीचे प्रात्यक्षिक दाखविल्यास अनुदानाचा उद्देश खऱ्या अर्थाने सफल होईल.

ग्रामपंचायतींनी हा विषय काढणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सभेतच घ्यावा. मे महिन्यात दिलेला सल्ला उशिराचा ठरतो. शाळांतून एक साधा प्रयोग करता येईल. नीट सुकवलेला व न सुकवलेला असे प्रत्येकी पाच किलो कांदे दोन जाळीदार पिशव्यांत भरून सावलीत टांगावेत आणि शाळा उघडल्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत दर पंधरवड्यास त्यांचे वजन व सडलेल्या कांद्यांची संख्या विद्यार्थ्यांकडून फळ्यावर नोंदवून घ्यावी. त्या दोन स्तंभांतील आकडे मुलांच्या तोंडून घरोघरी पोहोचतील आणि पुढील हंगामातील काढणीच्या वेळी ते पालकांच्या निश्चित उपयोगी पडतील.