नाण्याची स्वच्छता आणि मुद्रालेखाचा पाठ

भिलाई हे पोलादाचे नगर. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा नगरात गंज म्हणजे हानी, हे समीकरण सर्वांच्या अंगवळणी पडलेले असते. येथील वास्तव्यात एका मराठी कुटुंबाच्या देवघरात प्रस्तुत लेखकाला एक शिवराई पाहावयास मिळाली. दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि मीठ लावून घासल्यामुळे तिचे तांबे झळाळत होते. मात्र ‘श्री राजा शिव’ या मुद्रालेखातील ‘राजा’ एवढाच शब्द वाचता येत होता आणि मागील ‘छत्रपति’ जवळजवळ पुसले गेले होते. श्रद्धेनेच लेख नाहीसा केला होता.

ही हानी केवळ शोभेची नव्हे. शिवराईवर ‘शिव’ हा शब्द ‘सिव’, ‘सीव’ असाही आढळतो. अशा लेखनभेदांवरून नाण्यांचे प्रकार ठरविले जातात. घासण्याने एक वेलांटी झिजली, तर एक पाठभेद कायमचा नष्ट होतो. म्हणून संग्राह्य नाण्याची स्वच्छता हे मुळात पाठचिकित्सेचे काम आहे, असे म्हणावयास हवे.

या कामातील पहिला विवेक मळ आणि गंज यांतील भेदाचा. माती व तेलकटपणा हा बाहेरून आलेला मळ. तो ऊर्ध्वपातित पाण्याने किंवा ॲसिटोनने, न घासता, उतरविता येतो. गंज मात्र धातूचेच रूपांतर होय. तांब्यावरील तपकिरी वा हिरवा, घट्ट बसलेला थर स्थिर असतो. कित्येकदा अक्षरांची मूळ उंची या थरातच टिकून राहते. आम्लाने तो काढला की अक्षरेही जातात. याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली, तर तो ‘ब्राँझरोग’ समजावा. क्लोराइडचे क्षार, ओलावा आणि प्राणवायू यांच्या संयोगाने तो धातू आतून पोखरतो. तेथे तज्ज्ञाने हस्तक्षेप करणे आवश्यक असते. बेंझोट्रायाझोलचा उपचार आणि कोरडी साठवण हे त्याचे प्रचलित मार्ग होत. चांदीवरील काळा थर चांदीच्या सल्फाइडचा असतो. तो घासून काढताना दर वेळी थोडी चांदीही निघून जाते.

या विवेकाचे महत्त्व जोगळटेंभीच्या निधीवरून स्पष्ट होते. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली क्षहरात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली होती. नहपानाच्या मूळ नाण्यावर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्या. त्यांवर विजेत्याचा त्रिशिखरी चैत्य आणि त्याचा ब्राह्मी लेख. जुना छाप पुरता बुजला नाही, म्हणूनच या पराभवाचा पुरावा हाती आला. असे नाणे कोणी उजळ करावयास घेतले असते, तर प्रथम बळी पडला असता तो खालचा, आधीच क्षीण झालेला पाठ, म्हणजे पराभूताचा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी मुख्य संहितेतून वगळलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. त्यामुळे त्यांचा निर्णय पुढच्या अभ्यासकाला तपासता येतो. घासलेल्या नाण्याला तळटीप नसते. म्हणूनच उपचारापूर्वी वजन, मापे व छायाचित्रे यांची नोंद करावी, हस्तक्षेप कमीत कमी असावा, आणि शंका असल्यास हात आवरावा.

भिलाईच्या त्या गृहिणींना एवढेच सुचविले, की यापुढे शिवराईला फूल वाहावे, हळदकुंकू शेजारच्या तबकात ठेवावे आणि चिंच समईपुरती राखावी. ‘राजा’ हा एक शब्द तरी अजून वाचता येतो.