वेळासची कासवविद्या

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. आज त्याची ओळख कासवांचे गाव अशी आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री इथल्या पुळणीवर येतात, सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परततात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात या कासवाला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तरीही २००२मध्ये समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी आलेल्या चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेच्या कार्यकर्त्यांना इथे अंड्यांची टरफले सापडली. घरटे माणसांनीच उकरले होते. कायदा होता, पण पुळणीवर त्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी नव्हते. ती जागा गावाने भरली. किनाऱ्याचे शास्त्र तिथेच राहणाऱ्यांच्या हाती आले, तरच संरक्षण टिकते, हे वेळासने दाखवून दिले आहे.

या कामाला नुसता कळवळा पुरत नाही. मादीचा माग पाहून घरटे नेमके कुठे आहे हे ओळखावे लागते. अंडी घातल्यावर काही तासांतच भ्रूण कवचाला आतून चिकटू लागतो. त्यानंतर अंडे फिरले तर तो दगावू शकतो. म्हणून अंडी वेळेत आणि न फिरवता कुंपणातल्या हॅचरीत न्यावी लागतात, मूळ खोलीइतकाच खड्डा करून पुरावी लागतात. पुढे दीड-दोन महिने तारखांची नोंद, पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास घरट्यावर पालथी टोपली आणि पहाटेपासून पाळत. गावातले कासवमित्र हे सारे करतात. अंडी शोधणारी नजर कोकणात पूर्वीपासून होती. आता ती राखणीच्या कामी आली.

अंडी हलवणे म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, हा आक्षेप रास्त आहे. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक जन्मतात, थंड राहिली तर नर. त्यामुळे हॅचरीची जागा चुकली तर नर-मादींचे प्रमाण बिघडते. म्हणून जिथे घरटे सुरक्षित राहील तिथे ते हलवू नये, हाच नियम हवा. पण जिथे अंडी माणसांच्या, कुत्र्यांच्या नाही तर कोल्ह्यांच्या तोंडी जाणार हे ठरलेलेच आहे, तिथे हात बांधून बसणे हा निसर्गाचा आदर नव्हे. दुसरा आक्षेप पर्यटनाचा. वेळासमध्ये २००६पासून भरणाऱ्या कासव महोत्सवामुळे घराघरांत पाहुण्यांची सोय होऊ लागली आणि जिवंत कासवातून गावाला उत्पन्न मिळू लागले. मात्र गर्दी, प्रखर दिवे आणि मोबाइलचा झोत पिल्लांची दिशा चुकवतात. इथे पाहुण्यांच्या हौसेपेक्षा गावाचा नियम वरचढ असलाच पाहिजे.

समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी प्रौढ होतात, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. पण जगणारी थोडी असतील, तर सुरुवातीचे नुकसान टाळणे अधिकच गरजेचे ठरते. त्याच वेळी ट्रॉलरच्या जाळ्यात मरणारी मोठी मादी वाचवल्याशिवाय पुळणीवरची मेहनत पुरी पडणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. मोठ्या माद्यांचा समुद्रातला माग काढण्यासाठी २०२२मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ या मादीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला. २०२५मध्ये गुहागरला अंडी घालणाऱ्या मादीच्या परावर ओडिशात लावलेली खूणपट्टी आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचे हे नाते कळले, कारण रात्री पुळणीवर पाहणारे आणि नोंद ठेवणारे कोणी तरी होते. त्या माणसांचे मानधन आणि प्रशिक्षण हंगामी उपक्रमाच्या मर्जीवर सोडता कामा नये. किनारा राखण्याचा तो पहिला, अटळ खर्च आहे.