पाणी दिलं म्हणून लोखंड कडक होत नाही

कोल्हापूरच्या बावड्यातल्या आमच्या घरामागचा गोठा म्हशी गेल्यावर रिकामा झाला आणि मी तिथं एक व्हाइस बसवला. मग ग्राइंडर आला, ड्रिल मशीन आलं, शेवटी एक जुनी छोटी लेथ आली. नदीपलीकडं शिरोलीची एमआयडीसी, इकडं शहरात उद्यमनगर. त्यामुळं गल्लीत कुणी टर्नर, कुणी मोल्डर, कुणी वेल्डर. नुसतं कट्ट्यावर जाऊन बसलं तरी सल्ला मिळतो. मी शिकलो तो या सल्ल्यावर आणि वाया घालवलेल्या मालावर. पण त्या सल्ल्यांत काही समजुती अशाही निघाल्या, ज्यांनी माल तर जातोच, माणूसही जायबंदी होतो.

सुरुवात लोखंडाला पाणी देण्यापासून करतो. ‘लाल कर आणि पाण्यात बुडव, पोलाद होतंय,’ हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बांधकामाच्या उरलेल्या सळईची छिन्नी केली, लालभडक तापवली, बादलीत बुडवली. पहिल्या घावाला धार पसरली. तीनदा करून पाहिलं, तीनदा तेच झालं. चूक बादलीत नव्हती, सळईत होती. लोखंड कडक होणं त्यातल्या कार्बनवर ठरतं. साध्या एमएसमध्ये, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, तो पाव टक्क्याच्या आत असतो. तेवढ्यात छिन्नीची धार धरण्याइतका कडकपणा येत नाही, कितीही पाणी पाजा. तो यायला निदान ०.४ टक्के कार्बन हवा. गाडीच्या पाट्याच्या पोलादात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, म्हणून जुने लोक छिन्नीला पाटा शोधत.

पाट्यालाही पाणी नको, तेल हवं. पाण्यात तो इतका झटकन थंड होतो की तडकतो. किती तापवायचं, याला चुंबकाची खूण आहे: सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला दाद देईनासं होतं. त्याच्या थोडं पुढं नेऊन तेलात सोडायचं. हे सावलीत करावं, उन्हात लालीचा अंदाज चुकतो. तेलातून काढल्यावर कानस त्यावरून घसरली तर जमलं. पण काम इथं संपत नाही. या अवस्थेत छिन्नी काचेसारखी ठिसूळ असते, घाव घातला तर तुकडा उडून डोळ्यात जाईल. म्हणून ती घासून चकचकीत करायची आणि पुन्हा हलकी तापवायची. पृष्ठभागावर आधी गवती पिवळा रंग येतो, साधारण २३० अंशांना. मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या आसपास निळा. छिन्नी जांभळ्यावर थांबवावी. ही रंगांची वाट मला एका म्हाताऱ्या लोहारांनी बोट दाखवून शिकवली. आकडे मी नंतर पुस्तकात पाहिले, आणि त्यांचा डोळा बरोबर होता.

‘ड्रिलवर हातमोजे घातले की हात सुरक्षित.’ ही समजूत सगळ्यांत घातक आहे. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथच्या चकजवळ हातमोजा कधीही घालू नये. दहा मिलिमीटरचं ड्रिल एमएसमध्ये साधारण मिनिटाला ८०० फेरे फिरतं, म्हणजे सेकंदाला तेरा. मोज्याचा एक धागा अडकला की स्विचकडं दुसरा हात जाईपर्यंत बोटं गुंडाळलेली असतात. अंगठी, मनगटातला गंडा, सैल बाही, गळ्यातला टॉवेल यांचंही तेच. पातळ पत्रा हातात धरून भोक पाडायचं नाही, व्हाइसमध्ये पकडायचा. कीस हातानं ओढायचा नाही, मशीन थांबवून ब्रशनं काढायचा. हातमोजे वेल्डिंगला आणि पत्रा उचलायला.

वेगाची गोष्ट त्यालाच लागून येते. ‘जोरात फिरवलं की लवकर भोक पडतं’ असं वाटतं, पण ड्रिल जितकं जाड तितका वेग कमी लागतो. वीस मिलिमीटरला ४०० पुरे. स्टेनलेसला त्याहून निम्म्यानं कमी, आणि दाब सोडायचा नाही. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस तिथंच कडक होतं आणि मग ड्रिलचंच तोंड जळतं.

टॅप मोडला की आपण टॅपला हलका म्हणतो. मीही म्हणालो होतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टचे आटे पाडायला मी साडेसहाचं भोक घेतलं होतं. हिशेब सोपा आहे: बोल्टच्या व्यासातून दोन आट्यांमधलं अंतर वजा करायचं. आठातून सव्वा गेला, ६.८ चं ड्रिल. अर्धा फेरा पुढं, पाव मागं, आणि तेल.

आता गूळ आणि दूध. कोल्हापुरात गुळाविरुद्ध बोलणं अवघड, पण बोललं पाहिजे. जीआय पाइप वेल्डिंग केल्यावर गूळ खाल्ला किंवा दूध प्यालं की धूर बाधत नाही, असं वेल्डर मनापासून मानतात. पाइपवरचं जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड त्याच्या खूप वर, १५०० च्या आसपास वितळतं. म्हणजे जोड बसण्याआधीच जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर उठतो. तो श्वासावाटे फुप्फुसात जातो. गूळ आणि दूध पोटात जातात. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, आणि तो गुळानं उतरला असं वाटतं. उपाय धुराआधीचा आहे: जोडाच्या दोन्ही अंगांचं जस्त ग्राइंडरनं काढा, काम उघड्यावर करा, वारा बाजूनं घ्या. धाप लागली तर तडक दवाखाना.

डोळ्यांचंही असंच. साधा काळा गॉगल वेल्डिंगच्या प्रकाशाला पुरत नाही; शंभर अँपिअरच्या आसपास दहा-अकरा नंबरची काच लागते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग रात्री सुरू होते, म्हणून सकाळच्या वेल्डिंगशी तिचा संबंध लागत नाही. बटाट्याच्या कापानं गार वाटतं, इजा भरून येत नाही.

‘डिप्लोमा नाही, मोठं मशीन नाही, मग घरी काय होणार?’ हेही मी पुष्कळदा ऐकलंय. याच कोल्हापुरात मेस्त्री घराण्यातल्या बाबूराव पेंटरांनी चुलतभाऊ आनंदराव यांच्याबरोबर सिनेमाचा कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी हात थांबवला नाही. विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला. १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्या यंत्रात फिल्म सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा पुढं सरकते आणि प्रत्येक वेळी क्षणभर स्थिर राहते. हे धातूचं काम आहे आणि ते करून, मोडून, पुन्हा करून जमलेलं आहे.

गोठ्यात किंवा जिन्याखाली ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एवढंच सांगणं: ग्राइंडर घ्यायच्या आधी डोळ्यांचा चष्मा घ्या, आणि पहिलं वर्षभर वेल्डिंगला एकटे बसू नका.